चार विभाग, एक प्रकल्प: विद्यापीठात नव्याने समन्वयक झालेल्यांसाठी

‘सदर प्रकल्पाचे समन्वयक म्हणून आपली नियुक्ती करण्यात येत आहे’ असं पत्र हातात पडतं, तेव्हा समन्वयकाने नेमकं करायचं काय, याबद्दल त्यात एक ओळही नसते. हे पत्र बहुधा नुकत्याच रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाच्या वाट्याला येतं, कारण या कामात पायपीट किती आहे ते ज्येष्ठांना ठाऊक असतं. हा लेख अशा नवख्या माणसासाठी आहे. महाराष्ट्रातलं राज्य विद्यापीठ, चार विभाग आणि तीन वर्षांचा केंद्रीय निधी, असं चित्र समोर ठेवून लिहिला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. असे प्रकल्प कल्पना कमी पडल्या म्हणून फारसे अडत नाहीत. श्रेय, डेटा, विद्यार्थी आणि पैसा यांचं वाटप तोंडी ठेवलेलं असतं, तिथे ते अडतात. त्यामुळे खालच्या बऱ्याच पायऱ्या कागदावर सह्या घेण्याच्या आहेत, आणि त्यातल्या महत्त्वाच्या सह्या निधी येण्याआधी घ्यायच्या आहेत. निधी आल्यावर सगळ्यांचा आवाज बदलतो.

बोलायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ: पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड.

पायरी 1: प्रश्न एका वाक्यात, मोजमाप एका तक्त्यात

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानक आयएस 10500:2012 नुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत खपवून घेता येतं. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात.

या विषयावर भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र, दंतवैद्यक आणि समाजशास्त्र एकत्र बसवा. पहिल्या बैठकीत प्रत्येक जण आपापला प्रश्न मांडेल. फ्लोराइड कोणत्या खडकातून येतं? ते काढायचं कसं? किती मुलांना बाधा आहे? पाणी कोण भरतं आणि कुठून? चारही प्रश्न एका शीर्षकाखाली टाकून प्रपोजल पाठवता येतं आणि ते मंजूरही होतं. तीन वर्षांनी चार वेगळे अहवाल एकाच स्पायरल बाइंडिंगमध्ये बांधले जातात.

हे टाळायचं असेल तर एकाही विभागाला एकट्याने सोडवता येणार नाही असा प्रश्न शोधा. उदाहरणार्थ, मुलांच्या दातांवरच्या डागांचं नातं नेमकं कोणत्या पाण्याशी आहे? दातांचं इनॅमल लहानपणी घडतं, साधारण वयाच्या आठव्या वर्षाच्या आत. म्हणजे आज चौदा वर्षांच्या मुलीच्या पुढच्या दातांवर जे दिसतं ते तिने तान्ह्या-रांगत्या वयात प्यायलेल्या पाण्याचं आहे. आजचा नमुना कितीही अचूक तपासलात तरी त्या वेळी घरात आडाचं पाणी येत होतं, हापशाचं की टँकरचं, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ते तिच्या आजीला विचारावं लागतं. आजीला साल आठवत नसलं तरी धाकट्या लेकीच्या लग्नाआधी की नंतर हे आठवतं, आणि असं विचारायचं कसं, ते समाजशास्त्राच्या माणसाला येतं. तिने सांगितलेला हापसा किती खोल होता, कोणत्या खडकात होता, ते भूगर्भशास्त्राने सांगायचं. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जुन्या नोंदी मागायच्या. असा प्रश्न हाती लागला की विभागांना एकमेकांना फोन करावेच लागतात.

आता तक्ता. प्रत्येक विभागाचं मोजण्याचं एकक वेगळं असतं. भूगर्भशास्त्र बोअर मोजतं, रसायनशास्त्र बाटली, दंतवैद्यक मूल, समाजशास्त्र घर. कोणत्या मुलाच्या घरात कोणत्या बोअरचं पाणी कधीपासून येतं, ही एक नोंद चौघांनाही जोडते. ती गोळा करणं हे कोणत्याच विभागाला आपलं काम वाटत नाही, म्हणून ते नावानिशी कुणाला तरी द्या. गावांसाठी केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला सांकेतिक क्रमांकच वापरा. एका तालुक्यात पिंपळगाव किती असतात आणि प्रत्येक विद्यार्थी ते नाव किती प्रकारे लिहितो, हे डेटा एकत्र करायला बसल्यावर कळून उपयोग नसतो.

पायरी 2: प्रपोजलआधी एकदा सगळ्यांनी मिळून गावात जा

सर्व प्रमुख संशोधक आणि सहसंशोधक, एकाच गाडीतून. विद्यार्थ्यांना पाठवून भागत नाही.

फ्लोराइडसाठी पाण्याचा नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घेतात, काचेच्या नाही, कारण फ्लोराइडची काचेशी प्रक्रिया होऊ शकते. रसायनशास्त्रात हे इतकं सर्वज्ञात आहे की कुणी सांगायच्या भानगडीत पडत नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी मात्र घरोघर फिरताना मिळेल त्या स्वच्छ बाटलीत नमुना भरून आणेल. उलट बाजूने, कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कुणी सापडत नाही, हे रसायनवाल्यांच्या वेळापत्रकात नसतं. दंतवैद्य डागांना डीन निर्देशांकाने श्रेणी देतात, पण एकाच मुलाला दोन दंतवैद्य दोन श्रेणी देऊ शकतात. म्हणून आधी दोघांनी तीच मुलं वेगवेगळी तपासून आपला मेळ किती बसतो ते पाहायचं, हे त्यांना माहीत असतं, बाकीच्यांना नसतं. अशा गोष्टींची एक यादी त्या प्रवासातच बनवा आणि प्रशिक्षणासाठी तीच वापरा.

आपल्याकडे याची परंपरा जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांच्या नावाशी ते जोडलेलं असलं तरी ताम्रपाषाणयुगातल्या त्या शेतकऱ्यांचं चित्र उभं राहिलं ते जळके धान्याचे दाणे ओळखणारे, जनावरांची हाडं तपासणारे आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या मुलांचे सांगाडे अभ्यासणारे लोक एकाच उत्खननावर काम करत होते म्हणून. मानवी सांगाड्यांवरचा खंड 1986 मध्ये आला, मुख्य अहवाल 1988 मध्ये. उत्खनन थांबल्यानंतर पाच वर्षं! तुमच्या प्रपोजलमधला ‘महिना 30 ते 36: एकत्रित विश्लेषण’ हा रकाना भरताना ही तारीख आठवा.

पायरी 3: श्रेयाचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

श्रेय मोजायची प्रत्येक विद्याशाखेची रीत वेगळी आहे आणि प्रत्येकाला आपली रीत हाच निसर्गनियम वाटतो. गणितात लेखकांची नावं वर्णक्रमाने येतात. जीवशास्त्रात आणि वैद्यकात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. संगणकशास्त्रात चांगल्या परिषदेतल्या पेपरला जर्नलइतकाच मान असतो. इतिहास आणि समाजशास्त्रात ग्रंथ मोठा मानतात, तोही शक्यतो एकट्याने लिहिलेला. दंतवैद्यकाच्या विभागप्रमुखांनी ‘माझं नाव शेवटी टाका’ म्हटलं, तर तो त्यांचा विनय आहे असं समाजशास्त्राच्या मॅडमना वाटेल. प्रत्यक्षात ते मानाची जागा मागत असतात.

यात भर पडते पदोन्नतीच्या गुणांची. यूजीसीच्या 2018 च्या विनियमांतल्या तक्त्यानुसार दोघांनी मिळून निबंध लिहिला तर दोघांनाही 70 टक्के गुण मिळतात. लेखक दोनाहून अधिक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला 70 टक्के आणि इतरांना प्रत्येकी 30. म्हणजे चार विभागांनी मिळून एकच सुंदर निबंध लिहिला, तर किमान दोघांच्या पदरात 30 टक्केच पडतात. हे गणित लोक बैठकीत बोलून दाखवत नाहीत, घरी जाऊन करतात. मग लेख पुढे सरकत नाही, आणि कारण म्हणून ‘पेपर तपासणीत अडकलोय’ सांगितलं जातं.

यावर उपाय आहे, पण तो सुरुवातीलाच करावा लागतो. प्रकल्पातून येऊ शकणाऱ्या लेखांची यादी करा. प्रत्येक विभागाला त्याच्या स्वतःच्या क्षेत्रातल्या जर्नलसाठी किमान एक असा लेख ठरवून द्या, ज्यात पहिलं नाव त्या विभागाचं असेल. आमच्या उदाहरणात बोअरची खोली आणि फ्लोराइड हा भूगर्भशास्त्राचा, पाण्याच्या स्रोताचा कौटुंबिक इतिहास विचारायची पद्धत हा समाजशास्त्राचा. त्याखेरीज एक सामाईक लेख, त्याच्या नावांचा क्रम आजच लिहून. क्रम नंतर बदलता येईल, पण बदलायचा तर सगळ्यांच्या संमतीने, ईमेलवर.

कोणाला लेखक म्हणायचं यासाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष वापरा: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याची चिकित्सा करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण लेखाची जबाबदारी. चारही पूर्ण झाले तरच लेखक. विभागप्रमुख आहेत म्हणून, यंत्र त्यांच्या खोलीत आहे म्हणून, किंवा गाडी त्यांनी मिळवून दिली म्हणून नाव येत नाही. त्यांचे आभार मानावेत, भरपूर मानावेत. कुणी काय केलं ते नोंदवायला अनेक जर्नलं क्रेडिट नावाची 14 भूमिकांची यादी मागतात. ती यादी या कागदाला जोडून दर सहा महिन्यांनी भरली तर शेवटी स्मरणशक्तीवर भांडावं लागत नाही.

याच कागदात आणखी दोन ओळी हव्यात. कुणी प्रकल्प अर्धवट सोडून गेलं तर त्याने गोळा केलेला डेटा प्रकल्पात राहील. आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधातल्या कामावरचा पहिला लेख त्या विद्यार्थ्याच्या नावाने सुरू होईल.

पायरी 4: विद्यार्थी कोणत्या विभागाचा?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये चार विद्याशाखा आहेत आणि त्यातली एक चक्क आंतरविद्याशाखीय अभ्यासाची आहे. नाव पाहून हुरळू नका. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता असे विषय तिथे ठेवलेले आहेत. तुमचा भूगर्भ-समाज-दंत प्रकल्प तिथे आपोआप बसणार नाही.

पीएचडी नोंदणी एखाद्या विषयातच होते, आणि संशोधन व मान्यता समिती त्या विषयाच्या नजरेने आराखडा तपासते. म्हणून विद्यार्थ्याचा मुख्य विषय एकच ठेवा, मुख्य गाइड त्या विषयाचा आणि सहगाइड दुसऱ्या विभागाचा. यूजीसीच्या 2022 च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 पीएचडी विद्यार्थी घेता येतात. गाइडकडे जागा शिल्लक आहे का, ते प्रपोजलमध्ये जेआरएफच्या, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रांच्या, जागा दाखवण्याआधी विचारा. संशोधन सहायक नेमला गेला आणि नोंदणीला जागाच नाही, असं झालं तर चांगली मुलं वर्षभरात दुसरीकडे जातात. त्यांना दोष देता येत नाही.

आणि विद्यार्थ्याला एकच बॉस द्या. दोन गाइड आणि एक समन्वयक अशा तिघांना वेगवेगळा प्रगती अहवाल देणारी मुलगी संशोधन करत नसते, पत्रव्यवहार करत असते.

पायरी 5: पैसा

संशोधनाला केंद्रीय निधी देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन 2023 च्या कायद्याने आलं आणि हेच काम करणारं पूर्वीचं एसईआरबी हे मंडळ त्यात विलीन झालं. त्यांच्या पेअर योजनेत आघाडीची संस्था हब, म्हणजे केंद्रस्थानी, आणि राज्य विद्यापीठांसारख्या संस्था स्पोक, म्हणजे तिला जोडलेल्या, अशी रचना आहे. निधी कुणाचाही असो, मंजुरीपत्र स्वतः वाचा. लेखा विभाग त्याच पत्राने चालतो, तुमच्या प्रपोजलने नाही.

मंजुरीपत्रात निधी शीर्षांनुसार येतो: उपकरणं, मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक, ओव्हरहेड. विभागांनुसार येत नाही. त्यामुळे आतल्या वाटणीचा तक्ता तुम्हाला करावा लागतो आणि पहिली कुरकुर इथे ऐकू येते. रसायनशास्त्राच्या आकड्यात एक यंत्र असतं आणि ते दिसतं. समाजशास्त्राला लागतात क्षेत्र-अन्वेषक, त्यांचा प्रवास, मुलाखती ऐकून उतरवून काढणारी माणसं. हा खर्च कुणाला ‘संशोधन’ वाटत नाही आणि कपात आली की पहिली कात्री त्यालाच लागते. प्रपोजलमध्येच तो ठसठशीत मांडा. एका जेआरएफला 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता आहे, त्या हिशेबाने किती माणसं परवडतात ते आधी पाहा. एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवायला बहुतेक वेळा निधी देणाऱ्याची परवानगी लागते. ती मागायला वर्षअखेरीची वाट पाहू नका.

खरेदीच्या मर्यादा अधूनमधून बदलतात, विद्यापीठाची स्वतःची नियमावलीही असते. लेखा विभागातल्या जाणकार कारकुनाकडून सध्याचा नियम समजून घ्या आणि त्यांचं म्हणणं नम्रपणे वहीत उतरवा. यंत्र कोणत्या विभागाच्या जडवस्तू नोंदवहीत चढणार, दुरुस्तीचा खर्च कोण करणार, इतरांना आठवड्यातले कोणते दिवस मिळणार, हे खरेदी समितीच्या बैठकीआधी लिहून घ्या. नोंदवहीत चढलेलं यंत्र पुढे कुणी सोडत नाही.

निधी कसा खर्च झाला ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र केंद्रीय निधीसाठी जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) 12-ए नमुन्यात जातं. पुढचा हप्ता त्यावर अवलंबून असतो. अनुदानावर बँकेत जमलेलं व्याज खर्चायचं नसतं, हिशेब पूर्ण झाल्यावर ते केंद्राच्या संचित निधीत भरायचं असतं. चार विभागांपैकी एकाची बिलं आली नाहीत की चौघांचं प्रमाणपत्र थांबतं, म्हणून वर्षअखेरीच्या बऱ्याच आधीची एक अंतर्गत तारीख ठरवा आणि त्या तारखेनंतर आगाऊ रक्कम कुणाला देऊ नका.

पायरी 6: परवानग्या

थोडक्यात. दात तपासणं हे माणसांवरचं संशोधन आहे, तेव्हा नैतिकता समितीची मान्यता आधी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मुलांसाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय 7 ते 12 वयाच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी सहमती लागते. संमतीपत्र मराठीत हवं, आणि गावात कोलामी किंवा गोंडी बोलली जात असेल तर ते तोंडी समजावून सांगणारं माणूस हवं. समाजशास्त्रज्ञाच्या मुलाखतींनाही मान्यता लागते. ‘आम्ही तर फक्त बोलतो’ हे समितीपुढे चालत नाही. चारही विभागांचा मिळून एकच अर्ज करा, नाहीतर एकाची मान्यता येऊन वर्ष उलटतं तरी दुसऱ्याची फाइल अडकलेली असते. शाळेत जायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, गावात ग्रामपंचायतीला कल्पना. आशाताईंना विसरू नका. गावातल्या कोणत्या घरी कोणत्या वयाची मुलं आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

पायरी 7: महिन्यातून एक बैठक, आणि ती कशी

सादरीकरणं नकोत. एकत्रित डेटाची फाइल पडद्यावर उघडा आणि रिकाम्या जागा दाखवा. कोणत्या मुलाच्या नोंदीला पाण्याचा नमुना जोडलेला नाही, कोणत्या नमुन्याला बोअरची खोली नाही. चर्चा आपोआप कामाची होते. इतिवृत्त एका पानाचं, त्याच दिवशी सगळ्यांना.

वाद झाले तर बरंच आहे. तुरटीने शुद्ध केलेल्या पाण्यातलं फ्लोराइड स्पॅड्न्स या रंगावरून मोजायच्या पद्धतीने मोजलं तर उरलेलं अॅल्युमिनियम मोजमापात अडथळा आणतं. तिथे योग्य बफर घालून इलेक्ट्रोडने मोजणं जास्त भरवशाचं. असा आक्षेप पहिल्या वर्षी बैठकीत आला तर सुधारता येतो. समीक्षकाने काढला तर दोन वर्षांचे नमुने वाया जातात.

पायरी 8: नवोन्मेष, म्हणजे गावात टिकेल असं काही

इथे नवख्यांची धाव पेटंटकडे असते. पेटंट घेण्याजोगं काही असेल तर आधी अर्ज, मग लेख. परिषदेतलं पोस्टरसुद्धा नावीन्य संपवू शकतं. काम अजून कच्चं असेल तर प्रोव्हिजनल अर्ज करून 12 महिन्यांत पूर्ण विनिर्देश देता येतो. परदेशात अर्ज करायचा तर आधी भारतात करून सहा आठवडे थांबायचं किंवा पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यायची. शैक्षणिक संस्थांना 2021 पासून शुल्कात 80 टक्के सवलत आहे. शोधकर्त्यांची यादी आणि लेखकांची यादी वेगळी असते, हे श्रेयाच्या कागदातच लिहून ठेवा. कंपनी काढायची वेळ आली तर 2019 च्या राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरणात संस्थेचा हिस्सा 2 ते 9.5 टक्के सुचवला आहे. विद्यापीठाच्या नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य संचालकांकडे त्यासाठी जायचं.

पण फ्लोराइडसारख्या विषयात तंत्र नसणं ही अडचणच नाही. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून करायची नालगोंडा पद्धत सत्तरच्या दशकातच विकसित केली होती. अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचे फिल्टरही आहेत. ते काही महिन्यांनी फ्लोराइड धरेनासे होतात, मग कॉस्टिक सोडा आणि आम्लाने धुऊन पुन्हा तयार करावे लागतात. धुणार कोण, धुऊन निघालेलं पाणी टाकायचं कुठे, पैसे कोण देणार, या प्रश्नांवर फिल्टर बंद पडतात. तुमच्या चार विभागांनी मिळून या व्यवस्थेची रचना केली, तर माझ्या मते तीच तुमची खरी नवनिर्मिती असेल, पेटंट मिळो वा न मिळो. आयआयटी मुंबईत 1985 पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं सितारा हे केंद्र आहे, आणि 2016 मध्ये राज्याने सुरू केलेलं उन्नत महाराष्ट्र अभियान महाविद्यालयांना जिल्ह्याच्या प्रश्नांशी जोडण्यासाठीच आहे. तिथे झालेली कामं पाहून या.

फिल्टर बसवायचं ठरलं तर ग्रामपंचायतीशी लेखी व्यवहार करा: धुण्याची जबाबदारी कुणाची, तिमाहीला एकदा पाणी तपासायचा खर्च कुठून, गाळ आणि धुऊन निघालेलं पाणी टाकायची जागा कोणती, प्रकल्प संपल्यावर फिल्टर कुणाच्या मालकीचा. हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात घ्या आणि ठरावाची प्रत, क्रमांक व तारखेसह, निधी देणाऱ्याकडे जाणाऱ्या अंतिम अहवालाला जोडा.